भागाकारात उरलेल्या तासिका

महाविद्यालयीन शिक्षकांचं काम आणि त्यांचा पगार यावर मराठीत लिहिलं जातं ते बहुधा दोनच वेळा: वेतन आयोग आला की आणि संप झाला की. पहिल्या वेळी अग्रलेखांचा सूर ‘एवढं कशासाठी’ असा असतो, दुसऱ्या वेळी ‘विद्यार्थ्यांना वेठीला का धरता’ असा. मधली वर्षं कोरडी जातात. पण त्याच वर्षांत, दर जून-जुलैला, राज्यातल्या प्रत्येक कॉलेजात एक कागद तयार होत असतो. विभागप्रमुख तो भरतात, प्राचार्य सही करतात आणि तो उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयाकडे रवाना होतो. नियमात त्याला कार्यभार म्हणतात, स्टाफरूममध्ये वर्कलोड, आणि घाईत नुसतं लोड. “यंदा माझं लोड भरत नाही” हे वाक्य ज्याने ऐकलेलं नाही, त्याला कॉलेजातली निम्मी भांडणं कळायची नाहीत. या संग्रहातले बहुतेक लेख त्या कागदाशी कुठे ना कुठे जोडलेले आहेत. म्हणून प्रस्तावनेत लेखकांची स्तुती करण्यापेक्षा तो कागदच उघडून दाखवावा असं ठरवलं. स्तुती त्यांची ते मिळवतीलच.

आधी नियम. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या आणि नंतर 2018 च्या नियमावलीनुसार पूर्णवेळ शिक्षकाचा आठवडा 40 तासांचा. असे वर्षाला 30 आठवडे, म्हणजे 180 अध्यापनाचे दिवस. या 40 तासांपैकी प्रत्यक्ष वर्गातले तास सहायक प्राध्यापकाला 16, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक यांना 14. रोज किमान 5 तास कॉलेजात हजर असावं, आठवड्यातले निदान 6 तास संशोधनाला मिळावेत, असंही तिथेच म्हटलं आहे. म्हणजे कागदावर तरी शिकवणं हा कामाचा निम्म्याहून कमी भाग. उरलेल्या 24 तासांत तयारी, पेपर तपासणं, सुपरव्हिजन, ॲडमिशनची समिती, एनएसएसचं शिबिर, नॅकच्या फायली, आणि संशोधन.

“तुमचं बरंय सर, दिवसाला तीन तास!” हा टोमणा प्रत्येक प्राध्यापकाने लग्नकार्यात ऐकलेला असतो. त्याचं उत्तर याच 24 तासांत असायला हवं. ते देता येत नाही, कारण त्या तासांची मोजदाद कोणी ठेवत नाही. 2010 मध्ये आयोगाने ती ठेवून पाहिली. एपीआय नावाची गुणांची पद्धत आली, आणि शिबिराला गेलात तर इतके, शोधनिबंध छापलात तर तितके, असे गुण गोळा करण्यात शिक्षकांची काही वर्षं गेली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा त्या वर्षांत तेजीत होता. 2018 च्या नियमावलीने ती पद्धत बरीच सैल केली. 24 तास पुन्हा होते तिथे, अंधारात गेले.

उजेडात राहिले ते 16. का राहिले, हे समजण्यासाठी एक विभाग घेऊ. समजा मराठीचा आहे, जुन्या अभ्यासक्रमाचा. पहिल्या वर्षाला एक पेपर, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला सहा. पेपरमागे आठवड्याला चार तासिका धरल्या तर नऊ पेपरांच्या झाल्या 36. तासिका 48 मिनिटांची. ही 48 मिनिटं ऐकायला विचित्र वाटतात, पण हिशेबाला फार सोयीची आहेत: 20 तासिका म्हणजे बरोबर 16 तास, आणि पाच तासिका म्हणजे बरोबर चार तास, त्यामुळे एकाच इमारतीत सकाळी एक सत्र आणि दुपारी दुसरं बसवता येतं. तर 36 ला 20 ने भागा. एक पूर्ण पद, बाकी 16.

या बाकीवर विभागप्रमुखाचा जून महिना जातो. 16 च्या जागी 20 असत्या तर दुसरं पूर्ण पद मागता आलं असतं. चार कमी पडतात. मग शोधाशोध सुरू होते. पहिल्या वर्षाची आणखी एक तुकडी निघेल का? कॉमर्सच्या मुलांना मराठी घेता येईल असं काही करता येईल का? शेजारच्या विभागाकडे सरप्लस होऊ घातलेला माणूस आहे, तो आपल्या तासिका मागतोय, त्याला कसं टाळायचं? एक शिक्षक निवृत्त झाला की त्याची जागा भरायला परवानगी मिळेल की नाही, हे पुन्हा याच भागाकारावर. चार तासिका कमी भरल्या म्हणून पद गेलं, हे वाक्य एखाद्या माणसाच्या आयुष्याबद्दल असतं. कागदावर तो एक अपूर्णांक असतो.

आता याच विभागात तासिका 48 ऐवजी 60 मिनिटांची धरा. 36 तासिका म्हणजे 36 तास, भागिले 16. दोन पदं, वर चार तास शिल्लक. मुलं तीच, पेपर तेच, फळाही तोच. घड्याळ कसं मोजायचं यावर विभागात एक पूर्ण पद मिळतं की दोन, हे ठरतं. एकीकडे संघटना आणि दुसरीकडे मंत्रालय एका तासिकेतल्या बारा मिनिटांवर इतके का झगडतात, हे बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटतं. त्या बारा मिनिटांत नोकऱ्या आहेत.

माझा मुद्दा एवढाच, आणि तो पुढे ठिकठिकाणी येईल: आपल्याकडे कार्यभार हे शिक्षकाच्या कामाचं माप नाही. ते पदाचं माप आहे. शिक्षक किती राबतो हे त्यातून कळत नाही. सरकारला किती पगार द्यावे लागतील एवढंच कळतं.

याचा पडताळा 2016 च्या मे महिन्यात आला. आयोगाने नियमावलीत दुरुस्ती करून सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापनाचे तास ट्यूटोरियल धरून 16 वरून 24 वर नेले. वरवर पाहता शिक्षकांनी थोडं जास्त शिकवावं एवढंच. पण भाजक वाढला की भागाकार खाली येतो. जिथे तीन पदं लागत होती तिथे दोन पुरणार होती, आणि जाणारे तिसरे म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर वर्षानुवर्षं शिकवणारे. दिल्ली विद्यापीठातल्या शिक्षकांनी उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार घातला, आणि काही आठवड्यांत सरकारने माघार घेऊन जुना आकडा परत आणला. वर्तमानपत्रांनी या भांडणाला जास्त कामाचा वाद म्हटलं. भांडण होतं कमी माणसांचं.

पगाराची बाजू त्या मानाने सरळ आहे. निदान ज्यांना तो पूर्ण मिळतो त्यांच्यासाठी. 1973 च्या वेतनश्रेणीत अधिव्याख्यात्याला 700 ते 1600 रुपये ठरले, आणि कॉलेजात शिकवणारा व विद्यापीठात शिकवणारा एका पंक्तीला आले. ही गोष्ट आज कुणाला मोठी वाटत नाही, पण त्याआधी संस्थाचालक देतील तो पगार आणि म्हणतील ती सुट्टी, अशी स्थिती होती. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच, हे तेव्हाच्या शिक्षकांच्या आठवणींत पानोपानी सापडतं. मग मेहरोत्रा समितीनंतर 2200, रस्तोगी समितीनंतर 8000, चढ्ढा समितीनंतर 15,600 आणि वर 6000 चा ग्रेड पे. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 झालं. महाराष्ट्राने त्याचा शासन निर्णय 8 मार्च 2019 रोजी काढला, लागू केला 1 जानेवारी 2016 पासून. मधल्या तीन वर्षांच्या ‘फरका’ची वाट पाहण्यात जे निवृत्त झाले त्यांना हा शब्द कसा उच्चारायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही.

या शिडीत एक पायरी फार उंच आहे. पहिल्या टप्प्यावर 57,700, दुसऱ्यावर 68,900, तिसऱ्यावर 79,800, आणि चौथ्यावर, म्हणजे सहयोगी प्राध्यापक झाल्यावर, एकदम 1,31,400. तिथे पोचायला पीएचडी लागते, आणि स्थाननिश्चितीच्या, म्हणजे वरच्या टप्प्यावर नेणाऱ्या, मुलाखतीला विद्यापीठाने तज्ज्ञ पाठवावे लागतात. तज्ज्ञ यायला दोन वर्षं लागली तर माणूस दोन वर्षं त्या पायरीखाली उभा. संस्थाचालकांच्या हातून 1970 नंतर पगार गेला, पण ही फाइल पुढे पाठवायची की नाही, हे त्यांच्या हातात राहिलं. या संग्रहात स्थाननिश्चितीवर एकच लेख आहे. माझ्या मते तो दुप्पट लांबीचा असायला हवा होता.

पैसा कुठून येतो हेही बघायला हवं. नवी वेतनश्रेणी आली की केंद्र काही वर्षांच्या वाढीव खर्चातला वाटा उचलत आलं. सहाव्या आयोगापर्यंत तो 80 टक्के होता. सातव्यात 50 टक्के, तोही मार्च 2019 पर्यंतचा. त्यानंतरचा सगळा भार राज्याचा. 2013 मध्ये एमफुक्टो या प्राध्यापक महासंघाने 4 फेब्रुवारी ते 10 मे असा परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा एक मुख्य मागणी सहाव्या आयोगाच्या थकबाकीची होती आणि राज्य म्हणत होतं केंद्राचे पैसे आले की देऊ. दुसरी मागणी होती 1991 ते 2000 या काळात नेट-सेट नसताना नेमलेल्या शिक्षकांची. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या उन्हाळ्यात शिक्षक समाजाच्या नजरेतून जेवढे उतरले तेवढे कधी उतरले नसतील. काही अंशी ते त्यांनी ओढवून घेतलं होतं. एकीकडे सव्वा लाखाची थकबाकी मागणारा प्राध्यापक आणि दुसरीकडे त्याच स्टाफरूममध्ये तासाला काही रुपयांवर शिकवणारा तरुण. लोकांना पहिला दिसत होता. संघटनेच्या पत्रकांतही पहिलाच ठळक टाइपात असायचा.

तर आता तो दुसरा. भागाकारात जी बाकी उरते, आणि जी पदं भरायला परवानगी नसते, त्या तासिका शिकवणारा तासिका तत्त्वावरचा शिक्षक. बोलताना सगळे सीएचबी (क्लॉक अवर बेसिस) म्हणतात. “तो सीएचबी आहे” असं, माणूसच सीएचबी. पात्रता तीच: पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट, नाहीतर पीएचडी. मुलाखत दरवर्षी नव्याने. नेमणूक सत्रापुरती, मे महिन्याचा पगार हा प्रश्नच नाही. दर 2018 मध्ये वाढला तेव्हा पदवी वर्गाच्या 48 मिनिटांच्या व्याख्यानाला 500 रुपये झाले, म्हणजे पूर्ण तासाला 625. 2023 मध्ये तो तासाला 900 झाला, पदव्युत्तर वर्गाला 1000.

नऊशे रुपये तास हे ऐकायला वाईट नाही. मंत्री तो आकडा सभेत सांगतात आणि टाळ्या मिळतात. जरा हिशेब करू. एका रिकाम्या पदाचं काम बहुधा दोघांत वाटलं जातं, तेव्हा एकाच्या वाट्याला आठवड्याला 8 तास येतात असं धरा. वर्षाचे अध्यापनाचे आठवडे 30. आठ गुणिले तीस गुणिले नऊशे: 2,16,000. बारा महिन्यांत वाटले तर महिना 18,000. तेही सुट्ट्या, निवडणुका, परीक्षा, युवा महोत्सव यांत एकही तास बुडाला नाही तर. तास बुडाला की पैसे बुडाले. पेपर तपासले, मुलांच्या प्रकल्पांवर मान मोडून बसलं, ॲडमिशनच्या टेबलावर तीन आठवडे काढले, तर त्याचा तास धरला जात नाही, कारण तासिका तत्त्वात शिकवण्याखेरीज दुसरं काम नसतंच. ज्या 24 तासांचा आधी उल्लेख केला ते पूर्णवेळ शिक्षकाच्या बाबतीत अंधारात होते. इथे ते फुकट आहेत. आणि बिल महिन्याच्या महिन्याला निघत नाही. वर्कलोडला मान्यता, मग नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता, मग बिल, मग त्रुटी, मग पुन्हा बिल. दिवाळीला पहिला पैसा हातात आला तर त्या कॉलेजचा हेडक्लार्क कर्तबगार समजायचा.

दोन सीएचबी शिक्षक मिळून वर्षाला 4,32,000 घेतात. त्याच कामाच्या पूर्ण पदाला नुसतं मूळ वेतन 6,92,400 लागतं. महागाई भत्ता, घरभाडं, निवृत्तिवेतनातला सरकारचा वाटा हे सगळं त्याच्या वर. रिकामी जागा वित्त विभागाला का आवडते हे समजायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. एक पद वर्षभर रिकामं ठेवलं की पाच-सहा लाख सहज वाचतात.

आणि जागा रिकाम्या ठेवल्या गेल्या. मे 2017 मध्ये वित्त विभागाने नवा आकृतिबंध होईपर्यंत पदभरती थांबवली. 2018 च्या नोव्हेंबरात 3,580 सहायक प्राध्यापकांची पदं भरायला परवानगी मिळाली. ती भरता भरता 2020 च्या मे महिन्यात कोविडमुळे पुन्हा बंदी आली. 2021 मध्ये उरलेली 2,088 पदं खुली झाली. या आकड्यांकडे लोक संपाच्या विजयासारखं पाहतात. मला त्यातली मधली वर्षं दिसतात. 2017 ला पीएचडी होऊन तिशीत बाहेर पडलेला माणूस 2021 ला चौतीस-पस्तीसचा होता, आणि त्याच्या विषयाची, बिंदुनामावलीत त्याच्या आरक्षण प्रवर्गाची जागा त्या वर्षी निघालीच नसेल तर चाळिशीला टेकला. जागा निघाली तरी ‘संस्थेला काय द्यावं लागेल’ हा प्रश्न जाहिरातीआधी विचारला जातो. या विषयावर उघड कुणी लिहीत नाही. या संग्रहातही नाही. लेखकांना नोकऱ्या करायच्या आहेत, हे मी समजू शकतो. पण गाळलेली गोष्ट गाळलेली आहे हे प्रस्तावनेत तरी नोंदलेलं बरं.

अनुदानाबाहेरची दुनिया याहून मोठी आहे. 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं. 2001 नंतरच्या नव्या कॉलेजांना ‘कायम विनाअनुदानित’ हा शिक्का लागला. अनुदानित कॉलेजांतही त्याच इमारतीत, त्याच प्राचार्यांच्या हाताखाली, सेल्फ फायनान्सचे वर्ग सुरू झाले. या शिक्षकांचा कार्यभार सहसंचालकांकडे जात नाही, म्हणून तिथे भागाकारही नाही. तिथे गुणाकार चालतो: किती मुलं, किती फी, त्यातून किती माणसं परवडतील. अभियांत्रिकीत एआयसीटीईने 2018 मध्ये शिक्षक-विद्यार्थी प्रमाण 1:15 वरून 1:20 केलं तेव्हा कितीएक संस्थांनी रातोरात माणसं मोजली आणि जास्तीची ठरवली. नियम तोच, फक्त भाजक बदलला. सहावा-सातवा आयोग कागदावर लागू असलेल्या काही संस्थांत पगार बँकेत पूर्ण जमा होतो आणि दुसऱ्या दिवशी काही रक्कम रोखीने परत द्यावी लागते. हे त्या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही नवीन नाही. पन्नास वर्षांपूर्वीची सही आणि हातातला आकडा यांच्यातली तफावत अशी एटीएमच्या वाटेने परत आली.

न्यायालयांनी अधूनमधून दखल घेतली आहे. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर गुजरातमधल्या सरकारी अभियांत्रिकी कॉलेजांतले कंत्राटी सहायक प्राध्यापक आले होते. महिना 30,000 वर ते तेच काम करत होते ज्याला नियमित शिक्षकाला लाखाच्या वर मिळत होतं. न्यायालयाने त्यांना सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन द्यायला सांगितलं. महाराष्ट्रातल्या सीएचबी शिक्षकांनी तो निकाल व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवला. पण अडचण आहे. गुजरातचा शिक्षक महिन्याच्या पगारावर होता. त्याचं काम नियमित शिक्षकाइतकं आहे असं दाखवता आलं. आपला तासिकांवर आहे, आणि त्याच्या तासिका पूर्ण पदाच्या खाली राहतील अशीच ती रचना आहे. समान काम म्हणायचं तर आधी त्याचं काम मोजावं लागेल, आणि मोजण्याचा एकच कागद आपल्याकडे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये अतिथी शिक्षकाला व्याख्यानामागे 1500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 असं सुचवलं. संग्रहातल्या दोन लेखांत महाराष्ट्राने हा दर लागू करावा अशी मागणी आहे. मी सहमत नाही, आणि संपादकांना ते माहीत असूनही त्यांनी प्रस्तावना मलाच सांगितली, म्हणून कारण देतो. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन वर्षाच्या 480 अध्यापन-तासांनी भागलं तर तासाला 1442 येतात. म्हणजे 1500 हा दर कुणीतरी असाच भागाकार करून काढला असावा असं वाटण्याइतका जवळचा आहे. तोच सापळा आहे. पूर्णवेळ शिक्षकाला 57,700 मिळतात ते 480 तास बोलण्याचे नव्हेत; त्यात ते 24 तास आहेत, मे महिना आहे, आजारपण आहे, ग्रंथालयात बसून एक पान समजून घेण्यात गेलेली दुपार आहे. दर दुप्पट केला तरी तासिकेचं तत्त्व राहतंच, आणि तत्त्व राहिलं की जून महिन्याची मुलाखत राहते. माझी मागणी वेगळी असती: दर राहू द्या, पण नेमणूक बारा महिन्यांची करा, आणि पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्या. नऊशे रुपयांत सुखाने जगता येत नाही. पण घरभाड्याची तारीख ठरवता येईल.

नव्या शैक्षणिक धोरणाने हा सगळा हिशेब पुन्हा हलवला आहे. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत ते 2024-25 पासून आलं. आता पेपर नाहीत, श्रेयांक आहेत: सत्राला साधारण 22, व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे 15 तास, प्रात्यक्षिकाचा 30. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, कौशल्य. कलाशाखेच्या पहिल्या वर्षाला सक्तीच्या इंग्रजीवर अनेक इंग्रजी विभाग उभे होते. ती सक्ती दोन-दोन श्रेयांकांपुरती उरली आणि त्या विभागांची पायाभरणी हलली. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतलं घ्यायचं, मुलांनी निवडायचं, आणि निवड सत्रागणिक बदलू शकते. विद्यार्थ्याला हे स्वातंत्र्य मिळावंच. पण पद तीस वर्षांचं असतं आणि निवड सहा महिन्यांची. या वर्षी साठ मुलांनी इतिहास घेतला, पुढच्या वर्षी बारांनी घेतला, तर इतिहासाचा माणूस पूर्ण पदावर नेमायचा की तासिकेवर? कोणत्याही सहसंचालकाचं उत्तर वाचकाला आत्ताच माहीत आहे. मुलांना निवडीचं स्वातंत्र्य देणारी पद्धत शिक्षकांना तासिकेवर ढकलते, हे धोरण लिहिणाऱ्यांच्या मनात होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. परिणाम मात्र तोच आहे.

यातला एक विनोद इतिहासाच्या पोटात आहे. ज्या श्रेयांकाची आपण इतकी आरती ओवाळतो, त्याचा जन्म अमेरिकेत शिक्षकांच्या पेन्शनमधून झाला. अँड्र्यू कार्नेगीने 1905 मध्ये कॉलेज शिक्षकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. ते कुणाला द्यायचे? जे खरं कॉलेज असेल त्याला. खरं कॉलेज कोणतं? जे प्रवेशासाठी शाळेतल्या अभ्यासाचे ठरावीक तास मागतं ते. अशी ती तासांची मोजपट्टी पेन्शनच्या पात्रतेसाठी तयार झाली. मग 1910 मध्ये मॉरिस कुक नावाच्या, कारखान्यांत कार्यक्षमता मोजणाऱ्या एका अभियंत्याने कार्नेगी फाउंडेशनसाठी कॉलेजांची पाहणी केली आणि विद्यार्थी-तासांत शिक्षकाचं काम मोजा असं सुचवलं. म्हातारपणी शिक्षकाला आधार मिळावा म्हणून काढलेलं माप पाच वर्षांत त्याच्यावर रोखलं गेलं. आपल्याकडे ते शंभराहून जास्त वर्षांनी पोचलं, आणि पोचलं तेव्हा 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्या शिक्षकाची जुनी पेन्शन आधीच गेलेली होती. माप आलं, पेन्शन नाही.

संग्रहातल्या लेखांची रांग संपादकांनी विद्यापीठवार लावली आहे: मुंबई, पुणे, कोल्हापूर, मराठवाडा, विदर्भ. त्या क्रमाने वाचलं तरी चालेल. मी मात्र मागून सुरुवात करायला सांगेन. परिशिष्टात एका कलाशाखेच्या कॉलेजचं कार्यभाराचं कोरं पत्रक छापलं आहे, रकान्यांसकट: वर्ग, विषय, तुकडी, तासिका, एकूण, मंजूर पदं, भरलेली, रिक्त, जादा. पेन्सिल घ्या आणि आपल्या गावच्या कॉलेजातला एखादा विभाग त्यात भरून पाहा. तासिका 48 मिनिटांच्या धरायच्या की 60 च्या, हे मी मुद्दाम सांगत नाही. दोन्ही प्रकारे करून बघा. शेवटच्या रकान्यातली बाकी आली, की सहाव्या पानावरचा पहिला लेख उघडा. तो लिहिणारी बाई त्या बाकीत नोकरी करते.